चार खिडक्या, एक प्लॅन: नाट्यतिकीट प्रकल्पाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

गौरी-गणपतीची सुट्टी संपली, आज कामाला सुरुवात. नाटकांच्या तिकीटविक्रीचं आपलं संकेतस्थळ एका सर्व्हरवरून चार सर्व्हरवर न्यायचं आहे, तेही ११ ऑक्टोबरच्या आत. त्या शनिवारी सकाळी दहाला दिवाळीतल्या प्रयोगांचं बुकिंग उघडेल. गेल्या वर्षी याच दिवशी काही मिनिटांतच सर्व्हरने मान टाकली. लोक गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसले आणि शेवटी उठून नाट्यगृहाच्या खिडकीवर गेले. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

आत्ताची मांडणी लिहून ठेवते, म्हणजे पुढे काय मोडलं आणि का मोडलं ते कळेल. कोड साध्या पीएचपी भाषेत, तयार फ्रेमवर्क नाही. लॉग-इन केलेल्या प्रेक्षकाचं सेशन, म्हणजे तो कोण आणि त्याने काय निवडलं याची तात्पुरती नोंद, सर्व्हरच्या डिस्कवर, फाइलमध्ये. सीट निवडली की ती आठ मिनिटं त्या प्रेक्षकासाठी धरून ठेवायची. हा होल्ड त्याच सर्व्हरच्या मेमरीत, एपीसीयू या पीएचपीच्या मेमरी-साठ्यात. पैसे भरले की तिकिटाची नोंद डेटाबेसमध्ये. तिथे प्रयोग आणि सीट या जोडीवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम) आहे, त्यामुळे एक सीट दोघांना विकली जाणं शक्य नाही.

ज्याने हे लिहिलं त्याने चुकीचं काही लिहिलेलं नाही. यंत्र एकच होतं तोवर ही मांडणी वेगवान होती आणि बरोबरही होती. एपीसीयूची मेमरी त्या यंत्रावरच्या सगळ्या पीएचपी प्रक्रियांना सामाईक असते, त्यामुळे एकाने धरलेली सीट दुसऱ्याला लगेच दिसायची. हे मुद्दाम लिहितेय, कारण आजच्या बैठकीत जुन्या कोडला नावं ठेवायला सुरुवात झाली होती.

नवी मांडणी: ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मुंबई विभागात एक ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर, म्हणजे आलेलं काम सर्व्हरांमध्ये वाटून देणारा, त्यामागे दोन अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या ठेवलेल्या डेटा केंद्रांत) दोन-दोन सर्व्हर. ऑपरेशन्स, म्हणजे सर्व्हर सांभाळणं, आमच्यातल्या दादाकडे, कोड माझ्याकडे, टेस्टिंगला एक सहकारी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चाचणीसाठी आधी दोनच सर्व्हर जोडले. लॉग-इन केलं, प्रयोग निवडला, आणि पुन्हा लॉग-इनचं पान. परत केलं, परत तेच. चौथ्यांदा अचानक आत गेले आणि पुढच्या क्लिकला पुन्हा बाहेर.

कारण सरळ आहे. प्रेक्षकाची प्रत्येक क्लिक म्हणजे सर्व्हरला एक विनंती. बॅलन्सर मुळात पाळीपाळीने वाटप करतो, एक विनंती पहिल्याला, पुढची दुसऱ्याला. लॉग-इन झालं पहिल्या सर्व्हरवर, सेशनची फाइल त्याच्या डिस्कवर. पुढची विनंती दुसऱ्याकडे गेली, आणि त्याच्याकडे त्या नावाची फाइलच नाही. त्याच्या दृष्टीने हा प्रेक्षक पहिल्यांदाच आलेला.

दादा म्हणाला, ‘‘स्टिकी लावू या, एक प्रेक्षक कायम एकाच सर्व्हरकडे. पाच मिनिटांचं काम आहे.’’ लावलं. खरोखर पाच मिनिटांत सगळं चालू झालं. मला तेव्हाच थोडं अस्वस्थ वाटलं, पण नेमकं काय खुपतंय ते सांगता येईना.

८ सप्टेंबर, सोमवार

स्टिकी म्हणजे नक्की काय होतं ते ब्राउझरमध्ये बसून पाहिलं. पहिल्या उत्तराबरोबर बॅलन्सर स्वतःची एक कुकी (ब्राउझर जपून ठेवतो ती छोटी चिठ्ठी) देतो, नाव एडब्ल्यूएसएएलबी. विनंती कोणत्या सर्व्हरकडे गेली ते त्यात सांकेतिक रूपात असतं. बाहेरच्या कुणाला ते वाचता किंवा बदलता येत नाही. पुढच्या वेळी ब्राउझर ती कुकी परत पाठवतो आणि बॅलन्सर विनंती त्याच सर्व्हरकडे लावतो. मुदत एका सेकंदापासून सात दिवसांपर्यंत ठेवता येते. काहीच सांगितलं नाही तर एक दिवस. प्रेक्षक येत राहिला तर मुदत पुढे सरकत राहते.

एक दिवस आपल्याला फार होतो. सकाळी दहाला आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा आला तर त्याला तोच सर्व्हर मिळण्याचं काही कारण नाही, मधल्या काळात त्याचं सेशन केव्हाच संपलेलं असेल. पीएचपी सेशनची मूळ मुदत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. आपण ती बदललेली नाही. कुकीची मुदत अर्धा तास केली.

दुपारी लोड टेस्ट, म्हणजे आभासी प्रेक्षकांची खोटी गर्दी सोडून पाहणं. सगळा भार एकाच सर्व्हरवर, दुसरा जवळजवळ रिकामा. घाबरायचं कारण नव्हतं. टेस्टिंगच्या सहकारीने एकदा लॉग-इन करून मिळालेल्या कुकी सगळ्या आभासी प्रेक्षकांना वाटल्या होत्या, म्हणजे बॅलन्सरच्या मते तो एकच माणूस होता. प्रत्येकाला वेगळी कुकी दिल्यावर भार वाटला गेला.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज एक सूचना आली: कुकी कशाला, आयपी पत्त्यावरून (प्रेक्षकाच्या इंटरनेट-जोडणीच्या पत्त्यावरून) ठरवा. एका पत्त्यावरून येणारा नेहमी एकाच सर्व्हरकडे. पूर्वी दुसऱ्या कामात एन्जिनएक्स या वेब-सर्व्हर सॉफ्टवेअरचा आयपी-हॅश वापरून हेच केलं होतं म्हणे.

नाही म्हणाले, आणि का ते इथे मांडते. आपले बहुतेक प्रेक्षक मोबाइलवरून येतात. मोबाइल कंपन्यांकडे आयपीव्ही४ चे (जुन्या पद्धतीचे, चार आकड्यांचे) पत्ते अपुरे पडतात, म्हणून हजारो ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. कंपनीच्या आतल्या बाजूसाठी १००.६४.०.०/१० ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये खास राखून ठेवली गेली. आपल्या दाराशी मात्र बाहेरचा तो एकच पत्ता दिसतो. त्यात एन्जिनएक्सचा आयपी-हॅश आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीनच आकडे बघतो. म्हणजे शेवटच्या आकड्याने वेगळे असलेले पत्तेसुद्धा एका गठ्ठ्यात. दहा वाजता अर्धं पुणे एकाच सर्व्हरवर येऊन आदळलं असतं.

याच्या उलटही होतं. घरच्या वाय-फायवर सीट निवडली, रिक्षात बसून मोबाइल डेटावर पैसे भरले. माणूस तोच, पत्ता बदलला, सर्व्हर बदलला, सेशन गेलं. कुकी निदान माणसाबरोबर चालते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचा पूर्ण दिवस पैसे भरून परत येण्याच्या वाटेवर गेला, आणि तो सत्कारणी लागला.

दोन वेगळे दोष होते, पण लक्षण एकच: पैसे गेले, तिकीट नाही.

पहिला दोष. पेमेंटच्या पानावरून प्रेक्षक आपल्याकडे परत येतो तो पोस्ट विनंतीने (फॉर्म भरून पाठवल्यासारख्या), दुसऱ्या डोमेनवरून. २०२० पासून क्रोमने नियम कडक केला: कुकीवर सेमसाइट (परक्या साइटवरून येताना ती पाठवायची की नाही ही सूचना) लिहिलेलं नसेल तर ती लॅक्स धरली जाते, आणि लॅक्स कुकी परक्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. बॅलन्सरने यासाठी सोय ठेवलेली आहे. तो एडब्ल्यूएसएएलबीकॉर्स नावाची जुळी कुकी देतो, जिच्यावर सेमसाइट नन आणि सिक्युअर लिहिलेलं असतं, म्हणजे परक्या साइटवरूनही जाऊ दे, पण सुरक्षित जोडणीवरच. त्यामुळे विनंती योग्य सर्व्हरपर्यंत पोहोचत होती. पण आपल्या स्वतःच्या सेशन कुकीवर आपणच लॅक्स लिहिलेलं, ती येत नव्हती. प्रेक्षक बरोबर घराच्या दारात उभा आणि किल्ली मागे राहिलेली. पेमेंटहून परतण्यासाठी वेगळं पान केलं. ते पोस्टमधून फक्त ऑर्डर क्रमांक घेतं आणि ब्राउझरला आपल्याच साइटवरून पुढच्या पानाकडे पाठवतं. तिथे सेशन कुकी येते.

दुसरा दोष जास्त खोल होता. पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट कळवतो की पैसे आले. याला वेबहुक म्हणतात. या निरोपात ब्राउझर कुठेच नाही, म्हणजे कुकी नाही, म्हणजे स्टिकी नाही. निरोप चारांपैकी कुणाकडेही जातो. ज्याच्याकडे गेला तो स्वतःच्या मेमरीत होल्ड शोधतो, आणि चारातून तीन वेळा होल्ड तिथे नसतो.

दादाला म्हटलं, ‘‘प्रेक्षकाला सर्व्हरशी बांधता येईल. पेमेंटच्या निरोपाला कसं बांधणार?’’ तो काही बोलला नाही. मग फळ्यावर चार चौकोन काढून प्रत्येकाच्या पोटात एपीसीयू असं लिहिलं. तात्पुरतं म्हणून, ऑर्डर तयार होतानाच कोणत्या सीट आहेत ते डेटाबेसमध्ये लिहायला लागलो. वेबहुक आता तिथून वाचतो.

पाच तारखेला काय खुपत होतं, त्याचं हे पहिलं टोक हाती लागलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

डिप्लॉयची रंगीत तालीम. एक सर्व्हर बॅलन्सरमधून काढायचा, नवा कोड टाकायचा, परत जोडायचा, मग पुढचा.

काढलेला सर्व्हर लगेच तुटत नाही. मूळ मुदत ३०० सेकंद, तोवर चालू विनंत्या पूर्ण होऊ देतात. आमचा समज होता की त्या पाच मिनिटांत त्याच्यावरचे प्रेक्षक आपलं काम उरकतील. तसं नाही. चालू म्हणजे या क्षणी अर्धवट असलेली विनंती, जी फार तर काही सेकंदांची. नवी विनंती त्या सर्व्हरकडे जातच नाही, कुकी असली तरी. प्रेक्षकाला गुपचूप दुसरा सर्व्हर आणि नवी कुकी मिळते. त्याचं लॉग-इन आणि त्याने धरलेल्या सीट मागे राहतात.

म्हणजे बुकिंग चालू असताना डिप्लॉय करायचं नाही, आणि एखादा सर्व्हर आजारी पडला तर चौथा हिस्सा लोकांच्या सीट सुटणार. दोन्ही मला मान्य नाही. पण उद्या-परवा एका छोट्या प्रायोगिक नाटकाचं बुकिंग आहे, गर्दी बेताची. दोन सर्व्हर आणि स्टिकी, एवढ्यावर ते होऊन जाईल असं ठरलं.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

झालं नाही.

काल रविवारी दहाला बुकिंग उघडलं. साडेदहाला फोन आला. एका ज्येष्ठ नागरिक संघाचे गृहस्थ, संघातल्या बारा जणांसाठी एक अख्खी रांग घेतलेली. सीट मिळाल्या असं दिसलं, पैसे भरले, खात्यातून गेले, आणि मग संदेश आला: सीट उपलब्ध नाहीत, पैसे परत येतील. ते म्हणाले, ‘‘हे बघ मुली, पैशांचं काही नाही. मी बारा जणांना फोन करून सांगितलं की जागा मिळाली. आता परत बारा फोन कसे करू?’’ त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणून तो जास्त लागला. दिवसभर तेच कानात होतं.

लॉग काढले. १०:०४ ला त्यांनी पहिल्या सर्व्हरवर रांग धरली. १०:०६ ला दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या सर्व्हरवर त्याच रांगेतल्या मधल्या चार सीट धरल्या. दुसऱ्या सर्व्हरच्या मेमरीत रांग रिकामी दिसत होती, म्हणून त्याने दिल्या. दोघांनी पैसे भरले. डेटाबेसच्या युनिक इंडेक्सने आपलं काम चोख केलं, जो आधी पोहोचला त्याला तिकीट. संघाचे गृहस्थ कार्डाचा ओटीपी शोधण्यात मागे पडले.

स्टिकी दोन्ही प्रेक्षकांसाठी अगदी बरोबर चालू होती. प्रत्येकजण आपापल्या सर्व्हरला चिकटून होता, प्रत्येकाला आपापलं सेशन दिसत होतं. बिघाड असा कुठे नव्हताच. खुपत होतं ते हेच. सेशन एका माणसाचं असतं, ते एका सर्व्हरपाशी ठेवलं तर चालेल. सीट सगळ्यांची असते. तिची नोंद चार ठिकाणी ठेवून चारही ठिकाणी माणसं बांधली, तर प्रत्येक ठिकाणचं चित्र आपापल्या परीने पूर्ण आणि एकमेकांच्या दृष्टीने खोटं.

संध्याकाळी नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या काकांशी बोलले. ते संगणक येण्याच्या आधीपासून बुकिंग करतात. त्यांनी जुना कागदी प्लॅन दाखवला: रांगांची अक्षरं, सीटचे चौकोन, विकलेल्या चौकोनावर पेन्सिलीची तिरकी रेघ. विचारलं, गर्दी असेल तेव्हा दोन खिडक्या उघडायचात का? म्हणाले, ‘‘उघडायचो की. पण प्लॅन एकच. दोघांच्या मधे टेबलावर. ज्याच्या हातात पेन्सिल त्याने रेघ मारायची, मग पैसे घ्यायचे.’’

आम्ही खिडक्या वाढवताना प्लॅनच्याही प्रती काढल्या होत्या.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बैठक. माझं म्हणणं: होल्ड आणि सेशन दोन्ही सर्व्हरबाहेर न्यायची, एका सामाईक रेडिसमध्ये (मेमरीत नोंदी ठेवणारं वेगळं सॉफ्टवेअर). विरोध दोन मुद्द्यांवर. अठराच दिवस उरलेत, आणि रेडिस पडला तर सगळंच पडेल. दोन्ही मुद्दे खरे आहेत. तिसरा पर्याय असा सुचवला गेला की प्रत्येक प्रयोग एका ठरावीक सर्व्हरला द्यायचा, पानाच्या वेब-पत्त्यावरून नियम लावून. हे सुचलं ते हुशारीचं होतं. त्यात प्लॅन खरोखर एकच राहिला असता. पण ज्या प्रयोगावर उड्या पडतात त्याचा एकटा सर्व्हर कोसळेल आणि तीन बसून राहतील. गर्दी प्रयोगांत समान वाटलेली नसते, हे नाटकाच्या गावात राहून आपल्याला सांगायला नको.

रेडिस ठरला. एक मुख्य आणि दुसऱ्या झोनमध्ये एक प्रतिकृती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

होल्डचं गणित. रेडिसमध्ये एका आज्ञेत सांगता येतं: ही किल्ली (नोंदीचं नाव) आधी नसेल तरच लिही, आणि ४८० सेकंदांनी आपोआप पूस. ‘नसेल तरच’ आणि ‘लिही’ यांच्यामध्ये दुसऱ्या कुणालाही शिरता येत नाही, कारण रेडिस आज्ञा एकामागून एक चालवतो. काकांची पेन्सिल ती हीच.

पण बारा सीट हव्या असतील तर? एकेक धरत गेलं आणि नववी मिळाली नाही तर आधीच्या आठ सोडायला हव्यात, आणि मधल्या वेळात त्या इतरांना अडवून ठेवतात. म्हणून रेडिस स्वतः चालवतो अशी, लुआ भाषेतली छोटी स्क्रिप्ट: आधी बाराही मोकळ्या आहेत का बघ, असतील तर बाराही धर, नाहीतर एकही नको. स्क्रिप्ट पूर्ण होईपर्यंत रेडिस दुसरं काही करत नाही, म्हणून ती छोटीच हवी. पुढेमागे रेडिसचं क्लस्टर केलं, म्हणजे नोंदी अनेक यंत्रांवर वाटल्या, तर किल्ल्या १६३८४ कप्प्यांत विखुरल्या जातील आणि वेगवेगळ्या कप्प्यांतल्या किल्ल्यांवर अशी स्क्रिप्ट चालणार नाही. त्यासाठी प्रयोगाचा क्रमांक महिरपी कंसात ठेवला, म्हणजे एका प्रयोगाच्या सगळ्या सीट एकाच कप्प्यात पडतील.

सोडतानाही काळजी. माझा होल्ड आठ मिनिटांनी संपला, तीच सीट दुसऱ्याने धरली, आणि मग माझ्या उघड्या टॅबने ‘सोड’ म्हटलं तर त्याचा होल्ड पुसला जाईल. म्हणून किल्लीपुढे धरणाऱ्याचा क्रमांक लिहिला, आणि तो जुळला तरच पुसायचं.

प्रतिकृतीकडे नोंद थोड्या उशिराने पोहोचते. मुख्य रेडिस नेमका त्या क्षणी पडला तर एखादा होल्ड हरवू शकतो. म्हणून डेटाबेसचा युनिक इंडेक्स कुठेही जात नाही. तो शेवटचा पहारेकरी. त्याला रोज उठावं लागू नये, एवढंच बघायचं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सेशन रेडिसमध्ये नेली. वाटलं होतं की फक्त सेटिंग बदलायचं. टेस्टिंगच्या सहकारीने अर्ध्या तासात दोष काढला: दोन सीटवर पटापट बोट मारलं की कधीकधी पहिली निवड गायब.

फाइलमधलं पीएचपी सेशन एका वेळी एकाच विनंतीला उघडू देतं, दुसरी थांबून राहते. ही शिस्त इतकी वर्षं आपोआप मिळत होती. पीएचपीला रेडिसशी जोडणारं एक्स्टेन्शन मात्र सेशनला कुलूप लावत नाही, ते वेगळं चालू करावं लागतं. दोन विनंत्यांनी एकाच वेळी जुनं सेशन वाचलं, दोघींनी आपापली सीट घालून परत लिहिलं, शेवटची जिंकली. कुलूप चालू केलं, दोष गेला. जुनी मांडणी न सांगता किती गोष्टी सांभाळत होती, ते ती काढायला घेतल्यावर कळतंय.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

कोड गोठवला. लॅपटॉपवर झेंडूची फुलं. उद्या दसरा, सुट्टी.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज स्टिकी बंद केली. चार सर्व्हर, एकाच प्रेक्षकाच्या लागोपाठच्या चार विनंत्या चार ठिकाणी, आणि त्याला काहीही जाणवत नाही. पडद्यावर लॉग सरकताना आम्ही तिघं उभं राहून बघत होतो.

स्टिकी गेल्यावर आता वाटपाकडे नीट बघता येतं. आधी नवा सर्व्हर जोडला तरी तो रिकामा राहायचा, कारण जुने प्रेक्षक जुन्यांना बांधलेले. आता तो लगेच भार उचलतो. पाळीपाळीने वाटणंही आपल्या कामाला बरोबर बसत नाही. सीटचा नकाशा पटकन जातो, तिकिटाची पीडीएफ बनवायला वेळ लागतो. पाळी सारखी, ओझं असमान. म्हणून पद्धत बदलली: ज्याच्याकडे अपूर्ण विनंत्या सर्वांत कमी, त्याला पुढची. याबरोबर नव्या सर्व्हरला हळूहळू भार देण्याची सोय वापरता येत नाही, पण आपले सर्व्हर जोडले की लगेच तयार असतात.

या पद्धतीतला धोका दुपारी दिसला. मुद्दाम एका सर्व्हरचं डेटाबेसशी नातं तोडलं. तो प्रत्येक विनंतीला काही मिलिसेकंदांत त्रुटी देऊन मोकळा व्हायला लागला. त्याच्याकडे अपूर्ण काम कधीच नाही, म्हणून बॅलन्सर सगळ्यांत जास्त विनंत्या त्यालाच द्यायला लागला. बॅलन्सर ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरचं एक पान मागून तो धडधाकट आहे का ते तपासतो. आणि त्या तपासणीत तो निरोगी! कारण तपासणीचं पान ही एक साधी फाइल होती, डेटाबेस असो वा नसो ती मिळणारच.

तपासणी खरी केली: डेटाबेसला आणि रेडिसला एकेक छोटा प्रश्न विचारून मगच होकार. दादाने लगेच विचारलं, ‘‘आणि रेडिसच अडखळला तर? चारही आजारी?’’ बरोबर प्रश्न. सगळे आजारी असतील तर हा बॅलन्सर दार बंद करत नाही, सगळ्यांकडेच विनंत्या पाठवतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. तरीही रेडिसच्या एका चुकलेल्या उत्तरावर नकार द्यायचा नाही, सलग काही चुकल्यावरच, असं ठेवलं. तपासणीचं अंतर ३० सेकंदांवरून १० वर आणलं. दोनदा नापास झाला तर बाहेर. पूर्वी आजारी सर्व्हर मिनिटभर लोकांना छळू शकत होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अधूनमधून ५०२, म्हणजे बॅलन्सरला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची त्रुटी. प्रमाण कमी, पण कारण सापडेपर्यंत झोप नव्हती. बॅलन्सर रिकामं कनेक्शन ६० सेकंद उघडं ठेवतो. आपल्या सर्व्हरवरच्या अपाचे या वेब-सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ती मुदत मूळची ५ सेकंद. अपाचेने बंद केलेल्या कनेक्शनवर नेमक्या त्याच क्षणी बॅलन्सरने विनंती टाकली की ५०२. मागच्या सर्व्हरची मुदत नेहमी बॅलन्सरपेक्षा जास्त हवी. ७५ केली, थांबलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

दहाला उघडलं. चारही सर्व्हर जवळजवळ सारखे भरलेले. पहिल्या पाव तासात ‘ही सीट आत्ताच दुसऱ्या प्रेक्षकाने धरली आहे’ हा संदेश सारखा जात होता, आणि तो बघून मला बरं वाटत होतं. ही नाराजी सीट निवडतानाची आहे, पैसे भरल्यानंतरची नाही. माणूस लगेच शेजारची रांग बघतो. दिवसभरात युनिक इंडेक्सने एकदाही कुणाला अडवलं नाही.

दुपारी दोनला पीडीएफमध्ये ‘बाल्कनी’ चुकीचं छापलं जात असल्याचं दिसलं. चालू बुकिंगमध्ये एकेक सर्व्हर काढून दुरुस्ती टाकली. कुणाचीही सीट सुटली नाही, कुणी लॉग-आउट झालं नाही. १९ सप्टेंबरची तालीम आठवली.

संघाच्या त्या गृहस्थांना सकाळी नऊला मीच फोन करून वेळेची आठवण करून दिली होती. त्यांना पाडव्याच्या प्रयोगाच्या बारा सीट मिळाल्या, ‘जी’ रांग, सलग.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीचे प्रयोग व्यवस्थित चालू. नरक चतुर्दशीला, २० तारखेला, ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात मोठा बिघाड झाला. सुरुवात त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदीपासून (नावावरून पत्ता सांगणारी नोंद). आपलं सगळं मुंबईत, त्यामुळे आपण चालू राहिलो. पण त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालातला लोड बॅलन्सरचा भाग दोनदा वाचला. नवे सर्व्हर उभे राहत होते, पण त्यांची नेटवर्कची मांडणी सगळीकडे पोहोचली नव्हती, म्हणून तपासणीत ते नापास, मग पास, मग पुन्हा नापास. तपासणीच्या यंत्रणेने त्यानुसार क्षमता आत-बाहेर केली, आणि धडधाकट क्षमताही बाहेर गेली. यापुढे अशा वेळी एका झटक्यात किती क्षमता काढता येईल यावर मर्यादा घालणार असल्याचं त्यांनी लिहिलंय.

दादाचा सहा तारखेचा प्रश्न हाच होता. आपल्याकडे सर्व्हर आपोआप बदलणारी यंत्रणा आहे, तिला आता सांगितलंय की एका वेळी एकच बदल, आणि तो पूर्ण निरोगी झाल्याशिवाय पुढचा नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

एपीसीयूमधला होल्डचा जुना कोड आज काढून टाकला. काढण्याआधी एकदा सगळा वाचला.

पुढचं काम सीटच्या नव्या नकाशाचं. जुनी आणि नवी आवृत्ती दोन वेगळ्या टार्गेट ग्रुपमध्ये (बॅलन्सरमागच्या सर्व्हरांच्या गटांत), ९०:१० असं वजन. इथे स्टिकी परत लागणार आहे, पण ग्रुपच्या पातळीवर. नव्या आवृत्तीचं पान उघडलेल्या प्रेक्षकाची पुढची विनंती जुनीकडे गेली तर स्क्रिप्टची फाइलच मिळणार नाही. त्यासाठी वेगळी कुकी असते. मुदत एक तास ठेवली. ती कुकी हरवली तर पान पुन्हा उघडावं लागेल, सीट जाणार नाही. सहकारीने कुकी पुसून सात वेळा करून पाहिलं. उद्या सकाळी अकराला, बुकिंग नसताना, सुरू करतोय. काकांनाही बोलावलंय, नव्या नकाशात रांगांची अक्षरं त्यांच्या प्लॅनसारखी आहेत का ते बघायला.